संत गोन्सालो गार्सिया यांचे कुमारवय

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या पालकांच्या सभेत दिलेले व्याख्यान)



महोत्सवाच्या व्याख्यानमालेत आम्हांस विषय निवडण्याची मोकळीक मिळाली, तेव्हा धर्मग्रामाचा इतिहास, देवळाची बांधणी, पूर्वीच्या धर्मगुरूंचे उपकार इत्यादी विषय आमच्याहून अधिकारी माणसांनी हाताळावेत असे वाटून आम्ही एक लहानसा विषय पत्करला. तो आम्ही निवडला असे म्हणणेही सर्वस्वी खरे नव्हे. तो एका तेरा वर्षांच्या मुलाने आमच्या गळ्यात घातला.

रविवारच्या मिस्सेनंतर भरणारा धर्मशिक्षणाचा वर्ग आम्ही पुष्कळ वर्षे घेत आलो आहोत, हे आपण जाणताच. आपल्यांपैकी कित्येकजण त्याच बाकांवर बसून गेले आहेत. गेल्या पावसाळ्यानंतर एक मुलगा लागोपाठ दोन रविवार वर्गास आला नाही. चौकशी करता कळले की स्वारी घराबाहेर पडते ती वर्गासाठीच, पण वाटेत वाडीतले बावखल लागते आणि तेथेच धर्मशिक्षण आटोपते. तिसऱ्या रविवारी आम्ही त्याला सर्वांसमोर उभे केले आणि आमचे नेहमीचे शस्त्र उपसले. "संत गोन्सालो तुझ्या वयाचा होता," आम्ही म्हणालो, "तेव्हा तो खेळायलासुद्धा जात नसे. इतर मुले हुंदडत असता तो देवळाच्या कोपऱ्यात गुडघे टेकून बसे."

मुलाने मान खाली घातली. मग, उद्धटपणाचा लवलेशही न दाखवता, त्याने विचारले, "मास्तर, हे कुठं लिहिलंय?"

"संतांच्या चरित्रात," असे म्हणून आम्ही त्याला बसवले. घरी आल्यावर मात्र चैन पडेना. त्या रात्री आमच्या कपाटातील होती नव्हती तेवढी पुस्तके आम्ही चाळली. देवळाचा कोपरा कोठे सापडला नाही. ती गोष्ट आम्हांस आमच्या मास्तरांनी सांगितली होती, त्यांना बहुधा त्यांच्या मास्तरांनी. आणि वर्षानुवर्षे आम्ही ती मुलांच्या पाठीत छडीसारखी वापरीत आलो. वसईच्या ज्या संताचे नाव आमच्या घरोघर आहे, त्याच्याविषयी आम्ही मुलांना खोटे सांगितले. पवित्र हेतूने सांगितले, एवढेच आमच्या बाजूने म्हणता येईल, आणि ते फारसे नाही.

म्हणून आज आम्ही ती छडी खाली ठेवून या कुमाराकडे पुन्हा पाहणार आहोत. यात कल्पनेचा भाग येणारच. पण कल्पना करणे निराळे आणि थाप मारणे निराळे. त्या गावात, त्या काळात, त्या घरात वाढणाऱ्या कोणत्याही मुलाच्या वाट्याला जे यावयाचेच, तेवढ्यापाशी कल्पनेने थांबावे आणि आपण कल्पना आहोत हे कबूल करावे. एवढी मर्यादा आम्ही पाळू. संताविषयी असा विचार करणे कोणास अमर्यादपणाचे वाटल्यास त्यांनी संत लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय उघडून पाहावा. तेथे बारा वर्षांचे प्रभु येशू आईबापांना न सांगता यरुशलेमेत मागे राहतात, तीन दिवस त्यांचा शोध करावा लागतो, आणि पुढे ते ज्ञानाने व शरीराने वाढत गेले असे सुवार्तिक स्पष्ट लिहितो. जो वाढतो तो आधी लहान असतो. ४५१ साली खाल्सिडोनच्या धर्मपरिषदेने प्रभूला खरा देव आणि खरा मनुष्य म्हटले. मग मनुष्यपणातले हे वय खुद्द धन्याने टाळले नाही, ते चाकराने टाळले असे का मानावे?

आता वसईकडे वळू. १५३४ च्या तहाने गुजराथच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली. गोन्सालोचा जन्म १५५६-५७ च्या सुमाराचा, म्हणजे त्या राजवटीला तेव्हा पुरती पंचवीस वर्षेही झाली नव्हती. आज आपण सणाला किल्ल्यात जातो तेव्हा भग्न भिंती, वडाच्या मुळांनी कवटाळलेल्या कमानी आणि आभाळाकडे उघडे पडलेले देवालय पाहतो. त्या मुलाने हे काहीच पाहिले नाही. त्याच्या वसईत चुन्याचा वास ओला होता. दगड घडवणाऱ्यांच्या छिन्न्या वाजत होत्या, लाकूड उतरत होते, गलबते बांधली जात होती. आमच्यासाठी जे अवशेष, ते त्याच्यासाठी चालू काम. आणि काम चालू असले की तेथे मुले घोटाळतात व हाकलली जातात, हे सांगायला इतिहासकार नको.

बाप पोर्तुगीज सैनिक, आई इथलीच. या एका वाक्यात त्याचे अर्धे कुमारवय आहे असे आम्हांस वाटते. बापाशी एका भाषेत बोलायचे, चुलीपाशी दुसऱ्या. रस्त्यावर ज्या मुलांशी खेळायचे त्यांच्यात तो थोडा परका, आणि बापाच्या सोबत्यांत गेला तर तेथेही थोडा परका. तेरा-चौदाव्या वर्षी मुलाला सर्वांत अधिक काय हवे असते? आपण चार जणांसारखे असावे. हे सुख त्याला सहजी मिळाले नसावे. परंतु देवाची करणी पाहा: पुढे जपानात हा मनुष्य जपानी भाषेत इतका तरबेज झाला की फिलिपिन्सच्या गव्हर्नराचे वकील म्हणून गेलेल्या फ्रान्सिस्कन फादर पेद्रो बाप्तिस्ता यांनी १५९३ मध्ये त्याला दुभाष्या म्हणून बरोबर नेले. एका भाषेतून दुसरीत उतरण्याची ही सवय त्याच्या कानाला कोणत्या पाठशाळेत लागली असेल? आमच्या मते चुलीपाशीच. आईचे बोलणे बापाला आणि बापाचे आईला समजावून देणारे मूल आपण आजही मिश्र घरांत पाहतो.

१५७०-७१ मध्ये अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहाने चौलला वेढा घातला आणि तो कित्येक महिने चालला. गोन्सालो तेव्हा तेरा-चौदा वर्षांचा. किनाऱ्यावरच्या प्रत्येक पोर्तुगीज ठाण्यात त्या वर्षी चौलच्याच बातम्या असणार. सैनिकाच्या घरात रात्री दाराची कडी वाजली की आई दचकत असेल; आणि मुलगा? त्या वयाच्या मुलांना जसे आपण ओळखतो त्यावरून वाटते, त्याला भीतीही वाटत असेल आणि आपल्यालाही बंदूक मिळावी असेही वाटत असेल, दोन्ही एकाच वेळी.

त्याचे शिक्षण येशूसंघाच्या पाद्र्यांकडे झाले. सेबास्तियांव गोन्साल्व्हिस नावाच्या फादरांचा त्याला विशेष लळा लागला असावा, कारण पुढे तो गेला तो त्यांच्याच बरोबर. हा लळाही आम्ही ओळखतो. बापापेक्षा मास्तर मोठा वाटू लागण्याचे एक वय असते. ज्या बापांनी ते सोसले आहे ते येथे बसले आहेत. त्यात जेथे शिकायचे तेथे संत फ्रान्सिस झेवियर यांच्या गोष्टी ताज्या. ते स्वतः वसईला येऊन गेले होते, जपानात पोहोचले होते, आणि १५५२ मध्ये चीनच्या उंबऱ्यावर सांच्याव बेटात त्यांनी देह ठेवला होता. गोन्सालोच्या जन्मापूर्वी जेमतेम चार-पाच वर्षांची ही गोष्ट. त्यांना डोळ्यांनी पाहिलेली माणसे वसईत वावरत होती. मुलाच्या मनात जपान शिरले ते असे शिरले असावे. त्यात देवाची हाक किती आणि लांबच्या समुद्राची ओढ किती? आम्ही त्यांची वाटणी करीत नाही. पंधराव्या वर्षी ती वाटणी खुद्द त्या मुलालाही करता येत नाही, आणि आमचा अनुभव असा की देव त्यासाठी खोळंबून राहत नाही.

दरम्यान शरीर आपल्या वाटेने जात होते. आवाज फुटला असेल, आणि प्रार्थनेच्या गाण्यात भलत्याच जागी फाटून सोबत्यांना हसू आले असेल. मिसरूड फुटले असेल. तांदळाच्या भाकऱ्यांची चवड आईने उतरवावी आणि त्याने ती संपवावी, असे दिवस गेले असतील. तो रागावला असेल, रुसला असेल. कधी काही मागितले ते न मिळाल्याने दार आपटून बाहेर पडला असेल. आम्ही हे लिहून ठेवलेले नाही असे पुन्हा एकदा सांगतो. पण यांतले एकही ज्याच्या वाट्याला आले नाही, असा मुलगा आम्ही इतक्या वर्षांच्या शिक्षकीत पाहिलेला नाही.

१५७२ साली, वयाच्या सुमारे पंधराव्या वर्षी, तो फादरांबरोबर जपानच्या वाटेला लागला. त्या प्रवासाला वारा धरून जावे लागे. वारा चुकला तर महिनेच्या महिने बंदरात बसावे लागे. धक्क्यावर आई आली असेल. तिला जपान कोठे आहे हे कळणे शक्य नव्हते. आपल्यांपैकी ज्या मातांची मुले आखातात, कॅनडात, जहाजांवर आहेत, त्यांना निदान नकाशा पाहायला मिळतो आणि रात्री मुलाचा आवाज ऐकायला मिळतो. त्यानंतर गोन्सालोच्या चरित्रात वसईचे नाव येत नाही. व्याख्याने-प्रवचनांत आम्ही नेहमी त्याच्या त्यागाविषयी बोलतो. पंधरा वर्षांच्या मुलाला जाताना त्याग कळत नाही, त्याला गलबत दिसते. त्याग त्या दिवशी आईचा होता. मुलाला तो मागाहून कळला असेल, परक्या किनाऱ्यावर, पहिल्या आजारपणात.

पुढची वर्षे आम्ही भरभर ओलांडतो. सुमारे आठ वर्षे त्याने जपानात येशूसंघाच्या पाद्र्यांबरोबर धर्मशिक्षकाचे काम केले. संघात प्रवेश मिळावा ही त्याची इच्छा होती. ती पूर्ण झाली नाही. त्या काळी हिंदुस्थानात जन्मलेल्या व मिश्र वंशाच्या उमेदवारांना घेण्याविषयी वरिष्ठांच्या मनात संकोच असे, हे इतिहासाला ठाऊक आहे. पंधराव्या वर्षी मनात धरलेली गोष्ट तिशीच्या उंबरठ्यापर्यंत हाती आली नाही. तो व्यापारी झाला आणि व्यापारात त्याचा जम बसला. १५८८ मध्ये मनिला येथे फ्रान्सिस्कनांनी त्याला बंधू म्हणून घेतले. येथे आम्हांस एक कटू गोष्ट बोलावयाची आहे. आपल्या वाड्यांतून मुले सेमिनरीत जातात. काही परत येतात. परत आलेल्या मुलाच्या आईला मिस्सेनंतर देवळाच्या पायऱ्यांवर कोणते प्रश्न विचारले जातात, ते आम्ही ऐकले आहेत. एकदा आम्हीही विचारले आहेत. त्याच पायऱ्या चढून आपण संत गोन्सालोच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावतो.

शेवटचा प्रसंग मात्र थांबून पाहण्याजोगा आहे, कारण त्यात कुमारवय पुन्हा येते. क्योटो आणि ओसाका येथील फ्रान्सिस्कनांच्या मठांतून काही जपानी मुले वेदीच्या सेवेस व आजाऱ्यांच्या शुश्रूषेस असत. लुईस इबाराकी सुमारे बारा वर्षांचा; अंतोनियो तेरा वर्षांचा; थॉमस कोझाकी चौदा-पंधरा वर्षांचा. यांतला अंतोनियो चिनी बापाचा आणि जपानी आईचा मुलगा. चाळिशीला आलेल्या गोन्सालोने दोन वंशांचा, पाद्र्यांच्या अवतीभवती वावरणारा हा पोरगा पाहिला असेल तेव्हा त्याला कोण आठवले असेल, हे आम्ही सांगावयास नको. हिदेयोशीच्या हुकमाने सव्वीस जणांना धरले, त्यांच्या डाव्या कानांचे तुकडे कापले आणि ऐन हिवाळ्यात जवळजवळ महिनाभर चालवीत नागासाकीला नेले. वाटेत थॉमसने आईला पत्र लिहिले. आपली व बाबांची चिंता करू नये, धाकट्या भावांना सांभाळावे, असा त्याचा आशय. बापही त्याच्याच बरोबर क्रुसावर जात होता. पत्र बापाच्या कपड्यांत सापडले, रक्ताने भिजलेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस उभे राहिले. वसईचा तो मुलगा आणि ही तीन मुले एकाच ओळीत होती. १६२७ मध्ये त्यांना पुण्यवंत म्हटले गेले, आणि ८ जून १८६२ रोजी परमगुरूस्वामी नववे पायस यांनी त्यांना संतपद दिले. हिंदुस्थानात जन्मलेला पहिला संत तो हाच.

थॉमस पत्र लिहीत होता तेव्हा गोन्सालो जवळपास कोठे तरी होताच. स्वतःच्या आईला त्याने कधी लिहिले का, आणि ती तोवर हयात होती का, असे विचार त्या महिनाभराच्या वाटेवर त्याच्या मनात आले असतील, तर ते संताला न शोभणारे विचार आहेत असे आम्हांस वाटत नाही.

पुढच्या रविवारी आम्ही वर्गात उभे राहिलो आणि त्या मुलाला सांगितले की देवळाच्या कोपऱ्याची गोष्ट कोठेही लिहिलेली नाही, मास्तर चुकले. वर्ग चिडीचूप झाला. मास्तर चुकले असे मास्तरांच्याच तोंडून ऐकण्याची मुलांना सवय नसते. मग आम्ही त्यांना आज आपणांस सांगितले ते सर्व सांगितले: चौलचा वेढा, गलबत, धक्क्यावरची आई, थॉमसचे पत्र. पत्राच्या वेळी मागच्या बाकावरच्या दोन मुलींनी डोळे पुसले. तो मुलगा बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होता. वर्ग सुटताना तो टेबलापाशी आला.

"मास्तर, गोन्सालोला पोहता येत होतं का?"

तेही कोठे लिहिलेले नाही, आम्ही म्हणालो. पण खाडीकाठचा मुलगा, येत असणार. तो हसला, आणि त्यानंतरच्या रविवारी वर्गाला आला. केस ओले होते.