नावे ठेवण्याची गोष्ट



ज्या वस्तूवाचून माणसाचे चालत नाही, तिला नावे ठेवल्यावाचूनही त्याला राहवत नाही. संगणकाचा सारा कारभार पाहणाऱ्या कार्यप्रणाली याला अपवाद नाहीत. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेने 'मल्टिक्स' या अवाढव्य प्रणालीच्या उभारणीतून अंग काढून घेतले. तेथील काही जणांनी मग एक लहानशी प्रणाली रचली. 'मल्टि' म्हणजे अनेक, तर आपली 'युनि' म्हणजे एकच, अशा थट्टेतून 'युनिक्स' हे नाव जन्मले. थट्टा विरली, नाव प्रतिष्ठित झाले. पुढे 'विंडोज'चे 'विंडोझ' झाले, कारण 'डोझ' म्हणजे डुलकी. लिनक्सच्या चाहत्यांना अशी टिंगल करताना आपली प्रणाली अभेद्य वाटू लागते.

'हॅकर' या शब्दाचा प्रवास मात्र उलट दिशेने झाला. एमआयटीतील रेल्वे-प्रतिकृती मंडळाचे विद्यार्थी कल्पक युक्तीला 'हॅक' म्हणत. तो गौरव होता. कालांतराने तीच शिवी झाली. भारताच्या २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ६६ व्या कलमाच्या शीर्षकातच 'हॅकिंग' हा शब्द होता. २००८ च्या दुरुस्तीने तेथे 'संगणकविषयक अपराध' हे शब्द आले. लोकांच्या मनात मात्र अंधाऱ्या खोलीत बसलेला, चार कळा दाबून कोणतेही कुलूप उघडणारा मायावी तरुण तसाच राहिला.

२३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील संगणकव्यवस्था कोलमडली. पाच सर्व्हरवरील सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुणी सांकेतिक लिपीत कोंडून टाकली. दूरदूरच्या गावांहून आलेले रुग्ण रांगेत तिष्ठत राहिले आणि त्यांच्या नोंदी कित्येक दिवस हाताने लिहाव्या लागल्या. यात मायावी असे काय होते? शासनाने संसदेत दिलेले कारण अगदी साधे होते: संगणकांच्या जाळ्याची योग्य विभागणी झालेली नव्हती. वाड्याचा एक दरवाजा फुटला तरी आतील दालनांच्या कड्या लागलेल्या असाव्यात, एवढीच ही दक्षता.

प्रणालीला हसणे सोपे आणि हॅकरला मांत्रिक मानणे त्याहून सोपे. कारण दोन्हींत आपल्या कड्या तपासण्याचे कष्ट वाचतात. त्या न वाचविलेल्या बऱ्या. कारण कडी विसरते एक जण, आणि रांगेत उभा राहतो दुसराच.