माहेरच्या नावाची यादी

आज आम्ही बोलणार आहोत कॉलेजच्या मैत्रिणींबद्दल. आम्ही म्हणजे १९८५ साली कोल्हापुरात बी.ए. झालेल्या मुली. मुली कसल्या, आता साठीच्या आज्या! कुणी गारगोटीहून एस.टी.नं यायच्या, कुणी कागलहून, कुणी पन्हाळ्याच्या पायथ्याहून. शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. तरीही आमच्यातल्या बहुतेकींच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली पहिली मुलगी आम्हीच.

परीक्षा झाली आणि दोन-तीन वर्षांत सगळ्या पांगलो. मुलग्यांचं बरं असतं. त्यांचं नाव तेच, आडनाव तेच, गाव तेच. तीस वर्षांनी जाऊन विचारलं तरी कुणीही घर दाखवतं. आपलं तसं नाही. लग्नात आडनाव बदलतं, वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचं येतं, आणि कित्येकींचं तर ताटातल्या तांदळावर नवीन नाव लिहून पाळण्यातलं नावही जातं. कॉलेजच्या दाखल्यावर एक बाई, मतदार यादीत दुसरीच. मग शोधायचं तरी कुणाला?

आमचा शोध सुरू झाला तो एका गमतीतून. शाळेत घालताना मास्तरांनी १ जून ही जन्मतारीख लावलेली माणसं आपल्या पिढीत ढिगानं आहेत. आमच्यातही तिघी निघाल्या. सरकारी नोकरीत ५८ वर्षं भरली की निवृत्ती, त्यामुळे तिघीही ३१ मे २०२२ या एकाच दिवशी घरी बसल्या. एक शिक्षिका, एक तहसील कचेरीतली, एक आरोग्यसेविका. त्यांच्या हाताशी वेळ आला आणि त्यांनी वही घातली. वहीत तीन रकाने : माहेरचं नाव, सासरचं नाव, आताचं गाव. पहिला रकाना सगळ्यांना पाठ होता. बाकीचे दोन भरायला माहेरच गाठावं लागलं. बहिणीचा पत्ता भावाला नाहीतर भावजयीला असतोच. दिवाळीत नाहीतर गावच्या जत्रेला ती येणार, हेही कळतं. असं करत वर्षभरात एकवीस जणी सापडल्या. दोघी सापडल्या तेव्हा त्या या जगात नव्हत्या. त्यांचीही नावं वहीत आहेत.

मग आणखी एक गोष्ट पुढं आली. निवृत्ती म्हणजे नक्की कुणाची? एकवीस जणींत पेन्शन सहाजणींना. बाकीच्या शेतात, घरात, दुकानात. त्यातली एक म्हणाली, "मला कोण रिटायर करतंय? सकाळी म्हशीच मला उठवतात." आम्ही हसलो, पण ते मनात राहिलं. कारण ज्यांना नोकरी लागली नाही, त्याच यायला कचरतात. साडी कुठली नेसू, वर्गणी किती, तिथं सगळ्या बाईसाहेब असतील. मैत्री तुटते ती इथं.

म्हणून आम्ही काही गोष्टी ठरवून टाकल्या. वर्गणी नाही, घरची भाकरी-भाजी डब्यात आणायची. हार-तुरे, सत्कार नाहीत. भेटायचं रंकाळ्यावर, वर्षातून दोनदा, ऊसतोड आणि पेरणीची घाई टाळून. मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट आहे, ते कामी येतं. जिच्याकडं स्वतःचा फोन नाही तिच्यासाठी सुनेचा नाहीतर नातीचा नंबर वहीत आहे, आणि तिला फोन करण्याची जबाबदारी एकीनं घेतलेली आहे.

भेटून काय होतं, असं घरचे विचारतात. एक सांगतो. आमच्यातली एक सहा वर्षांपूर्वी विधवा झाली. शेत थोडकं, हाताला काम नाही. तहसील कचेरीतून निवृत्त झालेलीनं तिला सांगितलं, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असेल तर ६५ वर्षांखालच्या विधवेला संजय गांधी निराधार योजनेतून अनुदान मिळतं, पुढं वय झालं की श्रावणबाळ योजना. नुसतं सांगितलं नाही, कागद गोळा करून बरोबर गेली. पेन्शनवाल्यांनाही नोव्हेंबर आला की हयातीच्या दाखल्याची आठवण कुणीतरी करतंच.

तीच मैत्रीण पहिल्यांदा आली तेव्हा हळदी-कुंकवाच्या वेळी बाजूला सरकली. आपल्याच जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२ मध्ये ग्रामसभेत विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. गाव करू शकतं, तर एकवीस मैत्रिणींना काय अवघड? सगळ्यांत आधी कुंकू तिलाच लावलं. कुणी भाषण केलं नाही. तिनं डब्यातलं लोणचं सगळ्यांना वाढलं, आणि कॉलेजात जशी सरांची नक्कल करायची तशी करून दाखवली. त्या नकलेवर तिच्या सासरी आजवर कुणी हसलेलं नाही, कारण तिथं ती कुणाला माहीतच नाही.

तुम्ही कॉलेजला गेला नसाल, तर शाळेतल्या सातवीच्या वर्गाची वही घाला. बचत गटाच्या पुढच्या बैठकीत एक कोरी वही घेऊन बसा. प्रत्येकीनं तिच्या माहेरच्या पाच मैत्रिणींची नावं सांगायची, माहेरच्याच नावानं. शेजारणीच्या माहेरची बाई तुमच्याच वर्गातली निघेल, असं आमच्याकडं दोनदा झालं. पुढच्या खेपेला माहेरी जाल तेव्हा ती वही पिशवीत टाका आणि एकदा मैत्रिणीच्या भावाच्या दारात उभ्या राहा.