नाव काय, म्हणतात काय
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कमिटीने मला 'बचतीचे महत्त्व' या विषयावर बोलायला सांगितलं होतं. मी म्हटलं, तेच बोलून बोलून रिटायर झालो, आता सिनेमावर बोलू द्या. सेक्रेटरी म्हणाले, बोला, पण वीस मिनिटांत आटपा, खाली भरीत तयार होतंय. तेव्हा वेळेत संपवतो.

बँकेत माणूस नावापासून सुरू होतो. खातं उघडायचं म्हटलं की पहिला रकाना नावाचा. आमच्या खान्देशात त्या रकान्यात 'उर्फ' लिहिल्याशिवाय काम भागत नसे. सातबाऱ्यावर एक नाव, रेशनकार्डावर दुसरं आणि गाव हाक मारतं तिसऱ्याने. त्यामुळे असेल, पण सिनेमा पाहतानाही माझं लक्ष नटापेक्षा पात्राच्या नावाकडे जास्त जातं. हिचं नाव हेच का ठेवलं? याला हे का म्हणतात?

'धडाकेबाज' घ्या, १९९० सालचा. महेश कोठारेंचा सिनेमा. त्यात कवटीचा मुखवटा घालणारा खलनायक आहे, कवट्या महाकाळ. पोरांना वाटतं भयंकर नाव आहे. अहो, सांगली जिल्ह्यात कवठे महांकाळ नावाचा अख्खा तालुका आहे! तिथे पंचायत समिती आहे, कोर्ट आहे, बँका आहेत. त्या सुमारास आमच्याकडे एक साहेब तिकडून बदलून आले. कुठून आलात विचारलं, त्यांनी सांगितलं, आणि सगळं काउंटर खाली मान घालून हसत बसलं. त्यांना बिचाऱ्यांना महिनाभर कारण कळलं नाही. त्यांनी सिनेमा पाहिलेला नव्हता.

त्याच कोठारेंचा 'झपाटलेला' १९९३ साली आला. त्यातला तात्या विंचू तुम्हाला माहीत आहे. दिलीप प्रभावळकरांनी केलेला, आणि पुढे रामदास पाध्येंच्या बाहुल्यात शिरलेला. या नावातली गंमत 'विंचू'मध्ये नाही, 'तात्या'मध्ये आहे. आपल्याकडे घरटी एक तात्या, नाही तर आबा, नाना, आप्पा, अण्णा. मानाची हाक ती. तिला नांगी लावून दिली. आमच्या थोरल्या बंधूंना सगळे तात्या म्हणतात. तो सिनेमा लागल्यावर आमचा एक चार वर्षांचा नातेवाईक दोन दिवाळ्या त्यांच्या मांडीवर बसला नाही.

पडद्यावरचं नाव कधीकधी पडद्यावर राहत नाही. दादा कोंडक्यांचा 'पांडू हवालदार' १९७५ चा. पांडुरंग हे देवाचं नाव, त्याचं पांडू झालं आणि हवालदाराला चिकटलं. इतकं, की चौकात उभ्या असलेल्या भल्या माणसाला त्याच्या पाठीमागे पोरं 'पांडू' म्हणतात. त्याचं खरं नाव छातीवरच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. ते कोण वाचतो?

आता मला जरा थांबायचंय ते 'जैत रे जैत'पाशी. १९७७ चा सिनेमा, जब्बार पटेलांचा, गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरचा. त्यात स्मिता पाटील आहे. ती आपल्याकडची, वडील शिवाजीराव पाटील शिरपूरचे. तिच्या पात्राचं नाव चिंधी. पुण्या-मुंबईच्या माणसाला हे नाव नवलाचं वाटलं असेल. आपल्याला नाही. आपल्याकडे चिंधा, चिंधू, उखर्डू, सुपडू, भिका, धुडकू, दगडू अशी नावं प्रत्येक गावात होती, अजून म्हाताऱ्यांची आहेत. हसू नका रे पोरांनो. घरात दोन-तीन लेकरं जाऊन पुढचं झालं की आई त्याला सुपात घाली, उकिरड्यावर लोळवी, आणि तेच नाव ठेवी. टाकलेल्या वस्तूकडे मरण पाहत नाही, अशी समजूत. म्हणजे सर्वांत हलकं नाव सर्वांत जपलेल्या लेकराचं. 'टाइमपास'मधला दगडू पोरांना विनोदी वाटला. त्याच्या नावामागे अशी एखादी आजी उभी असेल, असं मला आपलं वाटत राहिलं.

एकदा एक शिक्षक वडिलांच्या ठेवीचे पैसे घ्यायला आले. पावतीवर वडिलांचं नाव उखर्डू, मुलाच्या दाखल्यावर वडिलांचं नाव उत्तम. त्यांनी नोकरी लागताना लाजेखातर बदलून घेतलेलं. आता दोन्ही माणसं एकच, असं प्रतिज्ञापत्र करावं लागलं. स्टॅम्प पेपरवर वडिलांचं खरं नाव लिहिताना ते गृहस्थ माझ्यासमोर रडले. मी पाणी मागवलं.

नागराज मंजुळेंचे सिनेमे मला यासाठीच आवडतात. 'फँड्री'तला जब्या, खरं नाव जांबुवंत. रामायणातलं केवढं नाव! आणि फँड्री म्हणजे कैकाडी भाषेत डुक्कर. 'सैराट'मध्ये प्रशांतचा परश्या, सलीमचा सल्या, आणि प्रदीपचा लंगड्या, कारण पाय अधू. मराठीत नावाला 'या' लावायला काही लागत नाही. दोस्ताने लावला तर गळ्यात हात, सावकाराने लावला तर गळ्यावर पाय. अक्षर तेच.

'शोले'शिवाय हे भाषण पुरं होणार नाही. गब्बरसिंग हे काही लेखकांनी हवेतून काढलेलं नाव नाही. १९५० च्या दशकात चंबळच्या खोऱ्यात त्या नावाचा खरा डाकू होता, लोकांची नाकं कापायचा. १५ ऑगस्ट १९७५ ला सिनेमा लागला आणि आमच्याकडे त्याचं वेड आलं. आपल्या शेजारच्या मालेगावात तर पुढे नासिर शेखनी 'मालेगाव के शोले' केला. आम्ही सिनेमा केला नाही, नावं वाटली. मी तेव्हा धुळे जिल्ह्यातल्या एका शाखेत होतो, वय पंचविशीच्या आत. मॅनेजर ठाकूर, कॅशियर गब्बर. आमचे दप्तरी रंगाने काळेसावळे, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे. त्यांना कालिया हे नाव मी दिलं. ते हसले. हसणारच, मी साहेब होतो.

चार-पाच वर्षं हे चाललं. एक दिवस दुपारी नऊ-दहा वर्षांचा मुलगा डबा घेऊन आला. एक नाव सांगून म्हणाला, "मना आबा आठेच काम करतस." मी काउंटरवर होतो. मी म्हटलं, या नावाचं इथे कोणी नाही, शेजारी पोस्टात बघ. मुलगा बाहेर जाऊन पायरीवर बसला. अर्ध्या तासाने दप्तरी बाहेर गेले आणि डबा घेऊन आत आले. आमच्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना त्यांच्या नावाने हाक मारली. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. पुन्हा मारली. तेव्हा लगबगीने आले, हात जोडले आणि म्हणाले, "साहेब, काही चूक झाली का?" पूर्ण नावाने त्यांना फक्त मेमो मिळायचा. मी काही नाही म्हटलं. माफी मागायची ती तेव्हा मागितली नाही, आणि पुढे माझी बदली झाली. त्यांचं नाव मी इथे घेत नाही, कारण त्यांच्या घरच्यांना विचारलेलं नाही. पण मला ते पाठ आहे.

जाता जाता एक काम. स्मरणिकेत सोसायटीच्या सेवकांची यादी आहे. तिचं प्रूफ मी पाहिलं. त्यात 'बहादूर, वॉचमन' असं छापलंय. पंचवीस वर्षांपूर्वी आपला पहिला वॉचमन नेपाळचा होता, त्याचं नाव बहादूर. त्यानंतर चार बदलले, सगळ्यांना आपण बहादूरच म्हणतो. आत्ताचे गृहस्थ चोपडा तालुक्यातले आहेत. काल गेटवर बसून मी त्यांना नाव विचारलं, आणि कागदावर लिहून घेतलंय. सेक्रेटरी साहेब, हा कागद घ्या. मजकूर अजून छापखान्यात गेलेला नाही ना? आडनावातला ऱ्हस्व-दीर्घ तेवढा त्यांना दाखवून घ्या.

चला, भरीत गार होईल.