ज्वारीवरचा पाहुणा



प्रत्येक बैठकीत एक तक्रार हटकून येते. "साहेब, ज्वारी पेरावी कशी? पाखरं एक कणीस भरलेलं ठेवत नाहीत." आज आम्ही त्यांतल्याच एका पाखराची बाजू मांडणार आहोत. आधी ऐकून घ्या, मग भांडा.

दसऱ्याच्या आगेमागे पिवळ्या पोटाच्या पाखरांचे थवे शिवारात उतरतात. नराचे डोके काळे, पाठ तांबूस, मादी मातकट. आपण सरसकट चिमणी म्हणतो, पण ती चिमणी नव्हे. हा काळ्या डोक्याचा भारीट. शास्त्रात त्याची प्रजाती एम्बेरिझा, जातीचे नाव मेलॅनोसेफाला. ते 1769 साली स्कोपोली या शास्त्रज्ञाने दिले. दाणा फोडायला जाड, शंकूसारखी चोच ही भारीट कुळाची खूण. लाल डोक्याचा भारीट हा त्याचा सख्खा भाऊबंद. उत्तर इराणात दोघांचा संकरही होतो.

त्याची वीण इटली, बाल्कन, तुर्कस्तान ते इराण या मुलखात. तिथे पिलांना तो किडे, नाकतोडे चारतो. हिवाळ्याला मात्र जवळजवळ सगळी जात पश्चिम आणि मध्य भारतात येते आणि मार्च-एप्रिलात परत जाते. म्हणजे या पाखराचा अर्ध्या वर्षाचा संसार आपल्या शिवारांवर आहे.

आज ही जात धोक्यात नाही. पण तिचा चुलतभाऊ पिवळ्या छातीचा भारीट पाहा. फिनलंडपासून जपानपर्यंत त्याची वीण होई, थवे मोजता येत नसत. चीनमध्ये खाण्यासाठी जाळी लागली. 1997 साली बंदी आली, तरी चोरून पकड चालूच राहिली. 1980 ते 2013 या काळात त्याची संख्या 84 ते 95 टक्के घटली. 2017 साली त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. 'भरपूर आहेत' हे काही संरक्षण नव्हे.

तुमचे नुकसान खरे आहे, ते आम्ही नाकारत नाही. पण हिशेब नीट मांडा. सगळे शिवार ज्वारीचे होते तेव्हा थवा शंभर वावरांत वाटला जाई. आता चहूकडे कापूस-सोयाबीन, मधे एकट्याची दोन एकर ज्वारी. सगळा थवा तिथेच पडणार! उरलेलेही मग ज्वारी सोडतात.

म्हणून चार गोष्टी. विषारी दाणा टाकू नका. त्याने कोंबडी, तितर, होलाही मरतो. ज्वारी लागून-लागून आणि एकाच वेळी पेरा, म्हणजे राखणही वाटून घेता येईल. सकाळ-संध्याकाळ राखण चुकवू नका. आणि ज्वारीला परवडणारा भाव मागा, कारण त्याशिवाय कोणी पेरणार नाही.

पुढच्या बैठकीला येताना आपल्या गावात लागून-लागून ज्वारी कोण पेरणार, त्यांची यादी आणा.