काडतुसाची पारख

१ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल, तीन स्थिती, या प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळविले. अशा यशाचे श्रेय नेमबाजाच्या हाताला व डोळ्याला दिले जाते, आणि ते रास्तच आहे. परंतु काडतुसाचा वाटाही लहान नसतो. या प्रकारातील लक्ष्यावरचे दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते, शर्टाच्या बटणाएवढे!

मोठ्या रायफलीचे काडतूस परवानाधारक नेमबाज काही देशांत हाताने भरतात. पुंगळी, टोपी, दारू आणि गोळी हे त्याचे चार घटक. दारू ग्रेनच्या दशांशापर्यंत तोलली जाते. एक ग्रेन म्हणजे सोनाराची जेमतेम अर्धी गुंज. त्याचाही दहावा भाग! सारा खटाटोप एकाच गोष्टीसाठी: प्रत्येक गोळी सारख्याच वेगाने सुटावी.

कुसाळे यांच्या प्रकारातील ५.६ मिलिमीटरच्या काडतुसाला मात्र ही सोय नाही. त्याचे पेट घेणारे द्रव्य पुंगळीच्या काठातच बसविलेले असते, त्यामुळे ते पुन्हा भरता येत नाही. म्हणून तेथे भरण्याऐवजी पारख करावी लागते. रायफल शिकंज्यात घट्ट बसवून एकेका उत्पादन-गटातील दहा दहा गोळ्या झाडतात आणि छिद्रांचा पुंजका किती आटोपशीर पडतो ते मोजतात. एकाच कारखान्याचे दोन गट निरनिराळे निघतात. एका रायफलीला मानवलेला गट दुसरीला मानवेलच असेही नाही. जुळलेला गट सापडला की तो स्पर्धांसाठी राखून ठेवला जातो.

कमलनगर परिसरात रानडुकरांनी पीक उद्ध्वस्त केले की घरीच काडतूस भरण्याचा विचार एखाद्याच्या मनात येऊ शकतो. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याविना दारूगोळा बनविणे हा गुन्हा आहे, आणि धोका तर कायद्याहूनही जुना. १६५७ साली औरंगजेबाच्या वेढ्यात बिदरच्या किल्ल्यातील दारूसाठ्याने पेट घेतला आणि किल्लेदार सिद्दी मर्जान प्राणघातक भाजला.

शाळकरी मुलांचा आरंभ दहा मीटरच्या हवाई रायफलीने होतो. तिच्यात दारू नसतेच, शिशाचा ४.५ मिलिमीटरचा छर्रा दाबलेल्या हवेने सुटतो. तरीही जाणते प्रशिक्षक ते छर्रे, बियाणे निवडावे तसे, दबलेले व वाकडे बाजूला काढूनच मुलांच्या हाती देतात.