ज्याला घडवले, त्याचे म्हणणे



 विज्ञानसाहित्याच्या मेळाव्यात अध्यक्षाने वर्षभरातल्या लेखनाचा आढावा घ्यावा, अशी आपल्याकडे रीत आहे. आज ती बाजूला ठेवून मी एकाच पुस्तकाविषयी बोलणार आहे. ते पुस्तक म्हणजे मेरी शेली यांची ‘फ्रँकेन्स्टाइन’ ही कादंबरी. विज्ञानकथा लिहिणारा प्रत्येक जण तिचे देणे लागतो. पण आपल्यापैकी अनेकांची तिच्याशी ओळख झाली ती पडद्यावर. जेम्स व्हेल यांच्या १९३१ च्या चित्रपटात बोरिस कार्लॉफ यांनी उभा केलेला तो सपाट डोक्याचा, जड पावलांचा प्राणी आपल्या मनात ठाण मांडून बसला आहे. त्या चित्रपटात त्याला बोलता येत नाही. कादंबरीत मात्र तो बोलतो, आणि उत्तम बोलतो. कादंबरीच्या मधोमध सलग काही प्रकरणे त्याच्या एकट्याच्या निवेदनाची आहेत. माझ्या मते या पुस्तकाचा जीव तिथे आहे, आणि आपण विज्ञानलेखकांनी शिकावे असे सगळ्यांत महत्त्वाचेही तिथेच आहे.

आधी लेखिकेविषयी थोडे. मेरीचा जन्म ३० ऑगस्ट १७९७ रोजी लंडनमध्ये झाला. आई मेरी वुलस्टनक्राफ्ट. स्त्रियांच्या हक्कांची बाजू मांडणारे तिचे पुस्तक १७९२ मध्ये प्रसिद्ध झाले होते. वडील विल्यम गॉडविन, राजकीय विचारवंत आणि कादंबरीकार. सुईणीच्या हाती बाळंतपण पार पडले, पण वार पडेना. डॉक्टरांना बोलावले. त्यांनी हात घालून तुकड्यातुकड्यांनी वार काढली. डॉक्टरच्या हातातूनच रोग जातो, हे तेव्हा वैद्यकाला उमगलेले नव्हते. हात धुण्याचा आग्रह धरणारे सेमेलवाइस व्हिएन्नात उभे राहिले ते १८४७ मध्ये. बाळंतिणीला ताप भरला आणि १० सप्टेंबरला ती गेली. या मुलीने मोठेपणी विज्ञानाचा राग धरला असता, तर तो कोणालाही समजला असता. पण तसे झाले नाही. १८१६ च्या शरदात ही कादंबरी लिहिता लिहिता ती हम्फ्री डेव्ही यांचे रसायनशास्त्र वाचत होती. कादंबरीतले प्राध्यापक वाल्डमन पाहा. नव्या विद्यार्थ्याला, म्हणजे पुढे त्या प्राण्याला घडवणाऱ्या व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइनला, ते आपुलकीने प्रयोगशाळा दाखवतात आणि रसायनशास्त्राबरोबर इतर शाखाही शिक, असे सांगतात. विज्ञानाच्या भीतीपोटी लिहिलेल्या पुस्तकात असा शिक्षक भेटला नसता.

फेब्रुवारी १८१५ मध्ये मेरीला अपुऱ्या दिवसांची मुलगी झाली. दोनेक आठवड्यांत तीही गेली. मार्चमध्ये मेरीने रोजनिशीत एक स्वप्न नोंदवले आहे. बाळ नुसते गारठले होते, शेकोटीजवळ नेऊन चोळले तशी त्याच्या अंगात धुगधुगी आली. जाग आली तेव्हा बाळ नव्हते. मेलेल्यात जीव यावा, ही इच्छा या कादंबरीत शास्त्रज्ञाच्या महत्त्वाकांक्षेच्या आधी एका आईची इच्छा म्हणून आलेली आहे. व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइनची आईसुद्धा तो इंगोलश्टाटच्या विद्यापीठाला निघण्याच्या तोंडावर तापाने जाते.

१८१६ चा थंड, पावसाळी उन्हाळा, त्यामागचा तांबोरा ज्वालामुखीचा उद्रेक, जिनिव्हाजवळची दिओदाती हवेली, कवी बायरनने तिथे जमलेल्या प्रत्येकाला भुताची गोष्ट लिहायला सांगणे, या कादंबरीच्या जन्माचा हा सारा प्रसंग इतक्यांदा सांगितला गेला आहे की मी त्यावर थांबत नाही. त्या वेळी मेरी १८ वर्षांची होती, एवढे लक्षात ठेवावे.

थांबायचे ते त्या काळच्या देहांपाशी. गॅल्व्हानींनी बेडकाच्या पायांवरचे विद्युतप्रयोग १७९१ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांचा भाचा आल्दिनी याने १८०३ मध्ये लंडनला फाशी दिलेल्या जॉर्ज फॉर्स्टर नावाच्या माणसाच्या प्रेतातून वीज सोडली. प्रेताचा जबडा थरथरला, एक डोळा उघडला, हात वर उचलला गेला. १७५२ च्या कायद्याने खुन्यांची प्रेते शवविच्छेदनासाठी देता येत होती. ती पुरत नसत, म्हणून गोरगरिबांच्या कबरी उकरून प्रेते पळवली जात. मेरीची आई ज्या सेंट पँक्रसच्या दफनभूमीत पुरलेली होती, तिथेही प्रेतचोरांचा वावर असे. त्याच कबरीपाशी बसून मेरी वाचायला शिकली, पुढे कवी पर्सी शेलीला, आपल्या भावी नवऱ्याला, तिथेच भेटू लागली. पुढे १८३२ च्या कायद्याने बेवारस गरिबांची प्रेते सरळ शवविच्छेदनाला मिळू लागली. नवा जीव घडवण्यासाठी व्हिक्टर साहित्य गोळा करतो ते अस्थिगृहातून, विच्छेदनकक्षातून आणि कत्तलखान्यातून. तो जीव म्हणजे ज्यांना कोणी विचारले नाही अशांच्या अवयवांची बेरीज आहे. मग मेरी शेलीने केले काय, तर त्या न विचारलेल्या देहाला वाचा दिली.

आता कादंबरीची रचना पाहा. रॉबर्ट वॉल्टन नावाचा धाडसी प्रवासी उत्तर ध्रुवाच्या वाटेवरून बहिणीला पत्रे लिहितो. त्या पत्रांच्या आत व्हिक्टरची कहाणी आहे, व्हिक्टरच्या कहाणीच्या आत त्या जीवाची, आणि त्याच्याही आत डे लेसी कुटुंबाची. कोण कोणाचे किती ऐकतो, यावर हे सगळे पुस्तक तोललेले आहे.

नोव्हेंबरच्या रात्री तो जीव डोळे उघडतो आणि व्हिक्टर खोलीबाहेर पळतो. नंतर तो जीव पलंगाचा पडदा बाजूला सारून काही तरी पुटपुटतो, हात पुढे करतो. व्हिक्टर पुन्हा पळतो. कादंबरीतला हा पहिला संवाद आहे, आणि तो घडतच नाही. पुढे जंगलात एका झोपडीला लागून असलेल्या खोपटात तो जीव कित्येक महिने लपून राहतो. भिंतीच्या फटीतून डे लेसींच्या घरात बघतो. म्हातारा बाप आंधळा, मुलगा फेलिक्स, मुलगी अगाथा. त्यांच्याकडे पुरेसे अन्न नाही हे कळल्यावर तो त्यांच्यातले चोरून खाणे थांबवतो. रात्री त्यांच्यासाठी सरपण आणून ठेवतो. सफी नावाची तुर्की व्यापाऱ्याची मुलगी तिथे येते आणि तिला भाषा शिकवताना हा बाहेर बसून शिकतो. व्होल्नी यांचा साम्राज्यांच्या ऱ्हासावरचा ग्रंथ मोठ्याने वाचला जात असतो. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचे काय झाले, हे ऐकून तो आणि सफी दोघेही रडतात, ती आत आणि तो बाहेर. पुढे त्याला मिल्टनचे महाकाव्य, प्लुटार्कची चरित्रे आणि गटेचा ‘वेर्थर’ सापडतो. इतके शिक्षण झाल्यावर तो धीर करून आंधळ्या म्हाताऱ्यासमोर जातो. म्हातारा त्याला बसायला सांगतो, त्याचे ऐकतो, धीर देतो. तेवढ्यात बाकीचे परत येतात आणि फेलिक्स त्याला काठीने झोडपतो. नंतर पाण्यात बुडणाऱ्या एका मुलीला तो बाहेर काढतो, तर तिच्याबरोबरचा माणूस त्याला गोळी घालतो. पहिला खून यानंतर होतो. तो खून क्षम्य आहे, असे लेखिका म्हणत नाही, मीही म्हणत नाही. त्यात बळी गेलेला व्हिक्टरचा लहान भाऊ विल्यम निरपराध होता.

न ऐकले जाणारे आणखी एक माणूस या कादंबरीत आहे. फ्रँकेन्स्टाइनांच्या घरात वाढलेली मोलकरीण जस्टिन. विल्यमच्या गळ्यातले लॉकेट तो जीव तिच्या कपड्यांत सरकवतो. धर्मगुरू तिला नरकाची भीती घालून खोटा कबुलीजबाब द्यायला लावतो. व्हिक्टरला सत्य ठाऊक असते. लोक मला वेडा म्हणतील, या विचाराने तो गप्प राहतो आणि जस्टिनला फाशी होते. कादंबरीतला सर्वांत मोठा गुन्हा मला हा वाटतो. तो प्रयोगशाळेत घडत नाही, न्यायालयाच्या बाकावर घडतो. जाणणारा माणूस आपली प्रतिष्ठा सांभाळत तिथे बसून राहतो. पुढे व्हिक्टर स्वतः सगळी हकीकत दंडाधिकाऱ्याला सांगायला जातो, तेव्हा तो अधिकारी त्याचे बोलणे वेड्याची बडबड म्हणून ऐकतो.

शेवटी उरतो वॉल्टन. जहाज बर्फात अडकलेले, खलाशी परत फिरण्याची मागणी करतात. त्याच जहाजावर मरणाच्या दारात असलेला व्हिक्टर त्यांना पुढे जाण्यासाठी जोशपूर्ण भाषण देतो. वॉल्टन निराश होतो, चिडतो, पण खलाशांचे ऐकून जहाज मागे वळवतो. त्यांचे जीव वाचतात. या पुस्तकात हाती अधिकार असताना दुसऱ्याचे म्हणणे ऐकून आपला बेत कायमचा बदलणारा तो एकटाच.

इंग्लंड-स्कॉटलंडच्या प्रवासाची प्रकरणे रेंगाळतात, हे मान्य करायला हवे. पण त्या भागात एक धागा आपल्यापर्यंत येतो. १८३१ च्या सुधारित आवृत्तीत व्हिक्टरचा मित्र क्लर्व्हल संस्कृत, फारसी, अरबी शिकलेला आहे. त्याचा बेतही त्यात स्पष्ट सांगितला आहे: हिंदुस्थानात जायचे आणि युरोपच्या वसाहतींना व व्यापाराला हातभार लावायचा. पहिली आवृत्ती लंडनमध्ये प्रसिद्ध झाली तो दिवस १ जानेवारी १८१८. भीमेकाठी इंग्रज आणि पेशवे यांच्यात कोरेगावची लढाई झाली तो हाच दिवस. तारखा जुळल्या हा योगायोग, पण सत्ता आणि ज्ञान हातात हात घालून पूर्वेकडे निघाले होते हा काही योगायोग नव्हता. क्लर्व्हल या सर्वांत सुस्वभावी पात्राच्या मनातही वसाहतीचा विचार होता.

त्या पहिल्या आवृत्तीच्या ५०० प्रती निघाल्या, तीन खंडांत, लेखिकेच्या नावाविना. प्रस्तावना पर्सी शेलीने लिहिली, आणि वॉल्टर स्कॉटसारख्या जाणत्या परीक्षकाने पुस्तकही त्याचेच मानले. मेरीचे नाव छापले गेले १८२३ मध्ये. आपल्याकडे जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली होती, आपल्या नावाचे दडपण परीक्षकांवर येऊ नये म्हणून. नाव झाकण्याने एकाच्या कथेला निखळ न्याय मिळाला, दुसरीचे श्रेय नवऱ्याच्या खाती गेले.

या कादंबरीचे नाव आज धाक घालण्यासाठी वापरले जाते. यंत्रबुद्धी आली की फ्रँकेन्स्टाइन, जनुकबदल केलेले बियाणे आले की फ्रँकेन्स्टाइन. मला या वापराचे वाईट वाटते, कारण त्यात वाद होतो तो तंत्रज्ञान आणि भीती या दोघांत, आणि ज्याच्या अंगावर तंत्रज्ञान येते तो माणूस त्या वादात नसतोच. जनुकबदल केलेल्या बीटी कापसाला आपल्याकडे २००२ मध्ये परवानगी मिळाली. त्याच्या बाजूने आणि विरुद्ध कितीतरी लिहिले गेले. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. पाठीवर पंप घेऊन कपाशीत शिरलेल्या त्या मजुराने सांगितलेली विज्ञानकथा मला वाचायची आहे.

असे लिहिता येते, याला दाखला आहे. १९५१ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या कर्करोगाच्या गाठीतून पेशी घेतल्या गेल्या. तिला विचारले नव्हते. ती त्याच वर्षी वारली. पेशी मात्र वाढत राहिल्या, पोलिओच्या लशीच्या चाचण्यांपासून असंख्य संशोधनांत वापरल्या गेल्या. घरच्यांना हे कळले १९७० च्या दशकात. रिबेका स्क्लूट यांनी त्या कुटुंबाकडे वर्षानुवर्षे जाऊन, त्यांचे ऐकून लिहिलेले पुस्तक २०१० मध्ये आले, आणि त्या पेशींना जगभर माणसाचा चेहरा मिळाला. पेशींचे विज्ञान त्या पुस्तकात कुठेही सैल झालेले नाही. ऐकल्याने विज्ञान पातळ होत नाही.

कादंबरी वाचणार असाल तर १८१८ ची आवृत्ती मिळवा, अशी माझी शिफारस आहे. १८३१ पर्यंत मेरीची आणखी दोन मुले गेली होती, नवरा समुद्रात बुडाला होता, आणि दुरुस्त केलेल्या पुस्तकात नियतीचा हात जड झाला. पहिल्या आवृत्तीतला व्हिक्टर आपल्या निर्णयांना जास्त जबाबदार आहे. भाषांतरकारांनाही माझे सांगणे आहे की हात घालाल तेव्हा संक्षेप करू नका. मुलांसाठी केलेल्या संक्षेपांत अनेकदा पहिली कात्री लागते ती त्या जीवाच्या निवेदनाला आणि जस्टिनच्या खटल्याला.

आणि लेखकांना एवढीच विनंती. पुढची कथा लिहायला बसाल तेव्हा शास्त्रज्ञाला जेवढी पाने द्याल, तेवढीच त्याच्या प्रयोगाखाली आलेल्याला द्या. ती पाने त्याच्या तोंडून येऊ द्या, आणि त्यासाठी आधी त्याच्या घरी जाऊन बसा.