उताराचा अभ्यास

डोंबिवलीहून बोलतोय. मागे पंख्याचा आवाज येतोय, तेवढं सांभाळून घ्या.

सिंहगड, राजगड आणि तोरणा जोडणारी एसआरटी अल्ट्रा तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेल. त्यातलं 53 किलोमीटरचं अंतर हे माझं यंदाचं टार्गेट आहे. पण आधी गेल्या वर्षीची एक चूक सांगतो.

सह्याद्रीतच एक छोटी ट्रेल रन होती. मी तयारी केली ती सगळी सपाट रस्त्यावर. ऑफिसच्या आधी रोज 8-10 किलोमीटर. चढ मस्त झाला. उतार लागला आणि अर्ध्या तासात मांड्या अशा भरून आल्या की पाय टेकवेना. कल्याणचा माझा मित्र पुढे होता. तो मागे फिरला, स्वतःची रेस सोडली आणि मला धरून खाली आणलं. एका शब्दाने बोलला नाही. तेच जास्त लागलं.

घरी आल्यावर वाचायला बसलो. चढताना मांडीचा स्नायू आखडत काम करतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना अख्ख्या शरीराचं वजन झेलतो, ब्रेकसारखं. त्याने स्नायूंचं जास्त नुकसान होतं. पण एकदा असा मार बसला की स्नायू शिकतो, पुढचे काही आठवडे तेवढाच उतार कमी दुखतो. म्हणजे उताराचा सराव उतारावरच करावा लागतो.

मग डोंबिवलीत उतार आणायचा कुठून? आमची बिल्डिंग सात मजली. एका मजल्याचे 3 मीटर धरले तर एका फेरीत 21 मीटर, 20 फेऱ्यांत 420. शेजारच्या काकू रोज विचारतात, "लिफ्ट बंद पडली का रे?"

रविवारी मी आणि तोच मित्र पहाटेची कर्जत लोकल पकडतो. नेरळ जेमतेम 40 मीटर उंचीवर, माथेरान 800 च्या आसपास. चढ चालतच जायचा. उतरताना पावलं छोटी, गुडघे किंचित वाकलेले, नजर चार पावलं पुढे. पाण्यात लिंबू, मीठ, साखर. कारण घाम गाळून नुसतंच पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम घसरतं, आणि ते जिवावर बेतू शकतं.

शेवटचा मोठा उतार रेसच्या दोन-तीन आठवडे आधी. त्यानंतर आराम.

आमचं एक ठरलंय. कुणाचाही पाय खरंच दुखावला तर त्याने थांबायचं आणि वेळेत सांगायचं. गेल्या वर्षी मी लाजेखातर अर्धा तास दुखणं लपवलं होतं. माझ्या त्या अर्ध्या तासाची किंमत त्याने मोजली.

यंदा त्याला फिनिश लाइन बघायचीय. मला त्याच्या मागे असलो तरी चालेल, फक्त स्वतःच्या पायांवर.

तुम्ही जिने उतरताय ना? भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!